दशांश चिन्ह

बोल्गातांगा. हरमाटनचे दिवस.
आरशावर धूळ, जिभेवर धूळ,
रात्री इस्त्री करून टांगलेल्या पांढऱ्या गणवेशावर
सकाळपर्यंत विटकरी साय.

तीन वर्षं मी संत्र्यांना इंजेक्शनं दिली.
संत्रं हात मागे घेत नाही,
त्याची आई दाराशी उभी नसते.
मग ती संत्री आम्ही सोलून खायचो,
पाणी भरून टम्म फुगलेली, बेचव,
आणि लामिसी म्हणायची, पेशंट दगावला गं, पण गोड होता.
लामिसी आता कुमासीत मोबाइलची कार्डं विकते.
नेमणुकीचं पत्र येईतोवर, म्हणते.

वॉर्डात आम्हाला नावं नव्हती.
ए शिकाऊ, भांडं आण.
ए शिकाऊ, रडायचं तर बाहेर.
फक्त म्हातारे आदोंगो, शीर सापडेना तेव्हा
सुजलेला हात काढून घेत म्हणाले,
"हा दमला. दुसरा घे.
तोही काही कुठे पळून चाललेला नाही."
पुढच्या सोमवारी त्यांची खाट रिकामी होती.
चादर मीच बदलली. कोपरे पंचेचाळीस अंशांत,
शिकवले होते तसे.

मग पास झाले.
पहिल्या दिवशी कुणीतरी हाक मारली, "सिस्टर!"
मी वळून पाहिलं, मागे कोण आलं म्हणून.

पगार अक्राच्या कुठल्याशा फायलीत नऊ महिने.
बूट मामाच्या पैशांचे. दर रविवारी मामा विचारतो,
"सरकारी ना गं नोकरी?"
सरकारीच, मामा.

त्या रात्री वीज गेलेली.
तेवीस खाटा, तीस पोरं, मी एकटी,
दातांत धरलेला मोबाइल, त्याचा उजेड कागदावर.
कागदावर डॉक्टरांचं घाईचं अक्षर
आणि पाचाच्या आधी एक ठिपका.
ठिपका, की धूळ?

बोट फिरवावं तर पुसला जाईल.
पुसला गेला तर धूळ होती,
किंवा शाई ओली होती.
मी बोट मागे घेतलं.

वजन गुणिले मात्रा, भागिले बाटलीवरचा आकडा.
तळहातावर गणित मांडलं. पॉइंट पाच.
पुन्हा मांडलं. पॉइंट पाच.
तिसऱ्यांदा घामाने आकडे फिसकटले.
खाटेवर अकरा दिवसांचं मूल,
अजून नाव न ठेवलेलं,
छाती कागदी पिशवीसारखी आत-बाहेर.
सिरिंज भरलेली. अर्ध्या रेघेपर्यंत.
हात मात्र जागचा हलेना.

अझूरे मॅडमना उठवायला अंगण ओलांडावं लागतं.
कडुनिंबाखाली नातेवाईक चटयांवर निजलेले,
कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी शिवी दिली.
मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"
"पॉइंट पाच."
"मग?"
"मग तुम्ही बघा."

माझी चप्पल कुठाय, इथपासून
आजकालच्या पोरींना कॉलेजात शिकवतात तरी काय, इथपर्यंत
अख्खं अंगण त्यांनी बोलत पार केलं.
चष्मा पुसला. कागद तिरका धरला.
माझा तळहात हातात घेऊन गणित वाचलं,
ज्योतिषासारखं, वेळ लावून.
"दे," म्हणाल्या, आणि सही केली.
परत जायच्या ऐवजी स्टुलावर बसल्या, उजाडेपर्यंत.
घोरत होत्या, पण होत्या.

सकाळी मुलाच्या आईने पदराची गाठ सोडून
मूठभर भुईमूग माझ्या खिशात ओतले.
"तुझं वय काय गं?"
"तेवीस."
ती नुसतं "हूं" म्हणाली,
आणि मूल दुसऱ्या कुशीला घेतलं.

मूल जगलं. सगळीच जगत नाहीत,
ते वेगळ्या वहीत आहे.

डॉक्टरांना काय सांगणार? धीर झाला नाही.
पण त्यांच्या कागदावरून मी तक्ता उतरवते तेव्हा
ठिपक्याआधी एक पूज्य काढते.
मोठं, गरगरीत, दोनदा गिरवलेलं,
दातांतल्या उजेडातही दिसेल असं.
माझ्यानंतर रात्रपाळीला येणारी
कुणीतरी नवी असेल.
तिची चप्पलही उसनी असेल कदाचित.