तुलनेचा तक्ता

सुन्वाने वही पुढे सरकवली, मासळीच्या कारखान्यातली जुनी,
वजनांच्या रकान्यांची. म्हणाली, यात लिही.
तीन मुलांनी तीन यंत्रं धाडलीत नाताळला,
खोके अजून जिन्याखाली आहेत.
कुठलं ठेवायचं ते तू सांग. तू वायरमन.

तर मी, रोकुर, क्लाक्सविकचा,
बावीस वर्षं याच बंदरात दिवे लावतो
आणि वाऱ्याने घालवलेले परत लावतो,
मी रकाने आखले.

अलेक्सा. धाकट्याने, ॲबर्डीनहून.
स्वस्त. कुठल्याही बल्बशी जमवून घेते.
बोलकी, गरजेपेक्षा जरा जास्तच. काही मागवू का विचारते.
इथं मागवायचं म्हणजे बोगद्यापलीकडे सिमुनला फोन,
हे तिला कोण सांगणार.

गुगल. मुलीने, कोपनहेगनहून.
हुशार. हवामान विचारलं, म्हणाली मध्यम वारा.
तेव्हा सुन्वाचं कचऱ्याचं पिंप
चर्चच्या दिशेने रस्ता चढत होतं.

ॲपल. थोरल्याने. देखणं, चहाडखोर नाही म्हणतात,
पण फोनही त्यांच्याच घरचा लागतो.
सुन्वाचा फोन कुणाच्या घरचा तिलाच ठाऊक नाही,
त्याला रबरबँड लावलंय.

किंमत. मांडणी. इंटरनेट गेल्यावर काय.
शेवटचा रकाना तिने स्वतः आखला, पेन्सिलीने:
हाइनी.

अडतीस वर्षं बोटीवर. झटका आला आणि
इंग्रजी, डॅनिश, बंदराबंदरातलं रशियन, सगळं पाण्यात गेलं.
उरली आईची भाषा, तीही ओहोटीला लागलेली.
ल्यौस, तो म्हणाला. म्हणजे उजेड.
एकीने गाणं लावलं.
दुसरीने माफी मागितली.
तिसरं गप्प.
ल्यौस, तो परत म्हणाला, ओठ जुळवून, सावकाश,
धक्क्यावर कुणी नसताना
दोर फेकत राहावा तसा.

भिंतींना कान असतात म्हणतात.
असतात. मीच बसवलेत.
पण आम्ही बोलणारी माणसं एका शहराच्या
एका पेठेत मावतील इतकीच,
त्यांच्यासाठी कोण शिकवणी लावणार कानांना.

मग सुन्वा इंग्रजीत बोलून बघायला लागली,
स्वतःच्या स्वयंपाकघरात, पुढे प्लीज लावून.
दिवा लागला.
ती म्हणाली, बंद कर रे ते.
पाहुणी आल्यासारखं वाटतं.

चौथी पेटी माझ्या गाडीत पडून होती,
काडेपेटीहून थोडी मोठी, फुकटच्या प्रणालीवर चालणारी.
किचकट. दोन रविवार गेले,
एका रात्री सगळं घर जांभळं झालं
आणि शेजारी चौकशीला आले.
तिला बोलता येत नाही, ऐकूही येत नाही.
पलंगाशी एक बटण बसवलं, बशीएवढं, पांढरं.
एकदा दाबलं की खोलीतला दिवा,
दोनदा, स्वयंपाकघरातला.
धरून ठेवलं तर सुन्वाच्या खिशात थरथर.

फेब्रुवारीत वादळाने इंटरनेट गेलं.
फडताळावर तिघी ओळीने, रुसल्यासारख्या, रंगीत ठिपके लावून.
मी धक्क्यावरून परतत होतो,
सुन्वाच्या स्वयंपाकघराची खिडकी पेटली.
विझली. पेटली. विझली. मग बराच वेळ उजेड.
पुन्हा तसंच.
दर्यावर्दी माणसाला यात काही वाचता येत असेल,
मी जमिनीवरचा. धावत दार वाजवलं.

केसांना टॉवेल गुंडाळून सुन्वा दारात.
तास झाला, म्हणाली. आधी मीही पळत गेले.
काही नको असतं त्याला.
उघड्या दारातून खिडकी बघतो आणि दाबतो.
तुझी बॅटरी किती दिवस पुरेल?

वर्षभर, मी म्हणालो. असा दाबला तर, माहीत नाही.

तिच्यामागे अंधार झाला, मग उजेड,
मग अंधार. ती हलली नाही.
बंदरातून कुणी उत्तर दिलं नाही.
पण तो थांबला मात्र,
उत्तराला थांबतात
तेवढाच.