तेवीस टक्के

तेवीस टक्के म्हणत होता, अन् गेला.
ना टुंग, ना पिवळी खूण.
काळ्या काचेत एकदम माझंच तोंड
अन् मागं घरपट्टीचा तक्ता, उलटा.

समोर तुळशीराम खिल्लारे, टोपी मांडीवर.
बायकोची नोंद सांगत होते.
नाव, वय, आधारचा नंबर,
वारली सोमवारी, रातच्याला.
"काका, पुन्हा सांगावं लागंल," म्हणाले मी,
"लाईट तीनला येईल."
तीनला त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश.
फक्त वार म्हणाले, "मंगळवार धरा.
बारा वाजून गेले असतील."
तेव्हाही गेला. सव्वीसवर, वायर हलली म्हणून.

जिंतूरला स्टँडामागं नईमभाईचं दुकान.
आधी घड्याळं, मग रेडिओ, आता हे.
डोळ्याला भिंग मात्र घड्याळाचंच.
त्यानं काळ्या चौकटीत एक ओळ टाकली,
रिपोर्ट निघाला, त्यातले दोन आकडे बोटानं दाखवले.
नवी होती तेव्हा मावायचं ते.
आता मावतं ते, निम्म्याच्या आत.
"झूट नई बोलती ताई. अंदाजा बोलती.
अंदर जाके कोन देखा?"

आमचे आप्पा परभणी रोडवर जीप चालवायचे.
काटा कायमचा अर्ध्यावर.
कडब्याचं धांडं टाकीत बुडवायचे,
ओल कुठवर चढली ते बघायचे,
हुंगायचे उगंच,
अन् म्हणायचे, बोरीपर्यंत जाती.
बोरीच्या अलीकडं आम्ही ती ढकललेली आहे.
पण धांडं तरी होतं.
बॅटरीला भोकच नाही.

नईमभाई म्हणाला, एकदा तळ दाखवा तिला.
पूर्ण भरा, वरून दोन तास लावून ठेवा,
मग उतरू द्या, पार मरेस्तोवर.
घटकाभर तशीच ठेवा.
मग पुन्हा भरा, सलग पाच तास,
मधी लाईट गेली तर पहिल्यापासून.
सलग पाच तास!
मी हसले, तोही हसला,
भिंग खाली पडलं.

विंडोजमधी उतरवू नका म्हणाला,
ते तेवीसलाच घाबरतं.
चालू होताना बटण दाबून धरा,
निळा पडदा येतो, तिथं ठेवा.
तिथं टक्के नसतात.

ठेवला. ओट्याशेजारी, पिठाच्या डब्यावर.
पंखा बारीक फिरत होता, निळा उजेड भाकरीवर.
दहा मिनिटं. वीस. चाळीस.
एवढं होतं तर इतके दिवस कुठं होतं?
दोनदा वाटलं, गेला. नव्हता गेला.
मग तव्यावरची भाकर उलटली,
लेकराला पाणी दिलं,
फिरून बघते तर अंधार.
कधी गेला, कळलं नाही.
साडेआठ असतील. पावणेनऊही असतील.

शेतातली लाईट रात्री दहा ते सहा.
म्हणून मोटारीच्या खोलीत नेला पोत्यात गुंडाळून,
स्टार्टरशेजारच्या बोर्डाला लावला.
दीर मुंजाजी गव्हाला पाणी देत होते,
मी खताच्या गोणीवर बसून
नारंगी ठिपक्याकडं बघत होते.
ग्रीसचा वास. एक उंदीर.
मोटार थांबली की जीव थांबायचा,
पण ती बारं फोडायला थांबवलेली असायची.
पहाटे ठिपका पांढरा झाला.

आता अकराला जातो. परवा नऊला गेला.
पार नीट झाला असं नाही.
नईमभाई म्हणतो, नवी टाका, चोवीसशे.
ग्रामसेवक म्हणतात, मार्चनंतर बघू.
तोवर तिसाला आपला आपण झोपंल असं करून ठेवलंय,
अन् दर रकान्याला सेव्ह.

तुळशीराम काका आज आले, दाखल्यासाठी.
"काका, सोमवार का मंगळवार?"
"तुझ्या मशीनमधी काय राहिलंय?"
"काहीच नाही राहिलं."
टोपी काढली, पुन्हा घातली.
"गोठ्यात होतो मी.
वैरण टाकून आत आलो, तर..."

नाव, वय, आधारचा नंबर.
तेवढं सेव्ह केलं.
वाराचा रकाना लुकलुकत राहिला,
कोपऱ्यात एक्केचाळीस टक्के.
घाई नाही काका, म्हणाले मी,
अन् चहा सांगितला.