टोचणी

गंगापूर रोडच्या लॅबमध्ये मी काचा वाचते.
अठरा वर्षं झाली.
काचेवर बाईचं नाव नसतं, नंबर असतो.
फॉर्मवर वय, आणि गाव: पेठ, हरसूल, दिंडोरी, सातपूर.
निळ्या-गुलाबी रंगात पेशी पसरलेल्या,
पाटावर वाळत घातलेल्या पापडांसारख्या, कडेला जरा चिकटून.
बहुतेकदा सगळं ठीक असतं.
कधी एखादीचं केंद्रक काळं, फुगलेलं,
भोवती पोकळ वलय.
चंद्राला खळं पडलं की माणसं वाद घालतात,
पाऊस लांब की जवळ.
इथे वाद नसतो.

‘अंगावर काढलं’ असा रकाना फॉर्मवर नाही.

म्हणून शाळेने बोलावलं तेव्हा मी गेले.
सिडको, शनिवार, साडेअकरा.
सातवी-आठवीच्या आया, मागे तीन-चार बाप,
चपला दारात.
पिंगळे बाई कानाशी म्हणाल्या,
"गर्भाशय म्हणा, पुढचं जरा जपून."
पुढचं म्हणजे मुख.
ज्याचं नावच मुख, त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

डॉक्टर कोठावदे आधी बोलून गेले होते, सात मिनिटं.
लस चांगली आहे. ऐच्छिक आहे. शंका असल्यास क्लिनिकला या.
क्लिनिकमध्येही ते आपणहून विषय काढत नाहीत.
"लोक म्हणतात कंपनीचा एजंट," जिन्यात म्हणाले होते एकदा,
"आणि हा विषाणू कशाने येतो, ते मी बापाला काय सांगू?"

मग प्रश्न आले.
पुढे मूल होतं ना? पाळी बिघडते का?
आमच्यात असलं काही नसतं.
लग्नाआधी दिली तर पोरी...
हे एकीने अर्धंच म्हटलं,
उरलेलं सगळ्यांनी मिळून, गप्प राहून, पुरं केलं.
वडाळ्याच्या शमीम आपा म्हणाल्या,
पोलिओच्या वेळीही असंच उठवलं होतं लोकांनी,
पण आधी पैसे सांगा किती.
पिंपळगावला बाग असलेला एक बाप उठला:
"डावणी दिसल्यावर फवारून काय उपयोग?
आधीच मारावं लागतं. मला पटतंय."
मी श्वास सोडला.
"पण मॅडम, बागेला लोक नावं ठेवत नाहीत."
आणि संमतीपत्राची घडी खिशात.

शेवटी तिसऱ्या बाकावरची,
अंबडहून रात्रपाळी करून थेट आलेली,
कंपनीचं कार्ड अजून गळ्यात:
"तुमच्या पोरीला दिली का?"

माझी रेवती तेरा वर्षांची आहे.
दोन वर्षं मी म्हणते, परीक्षा होऊ दे,
सर्दी जाऊ दे, दिवाळी होऊ दे.
खरं तर तिला सांगावं लागेल, कशासाठी.
म्हणजे ती मोठी होते आहे हे बघावं लागेल,
भिंगाशिवाय.

"नाही," मी म्हणाले.

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला.
पिंगळे बाईंनी चहा मागवला.
ती मात्र माझ्याकडे बघत राहिली,
मी काचेकडे बघते तशी.
"मग एकाच दिवशी नेऊ," म्हणाली,
"तुमची नि माझी. मला मंगळवारी सुट्टी असते."
ज्योत्स्ना गांगुर्डे. नाव मी नंतर विचारलं.

मंगळवारी बाकावर दोघी मुली.
रेवती म्हणाली, कशाची आहे गं ही?
मी घसा साफ केला,
तोवर तनिष्काने सांगूनही टाकलं:
"खालच्या कॅन्सरची. आई बोलते ना, रिक्षात, सगळ्यांसमोर.
त्या काकांनी आरसाच फिरवला."
दोघी खिदळल्या.
सिस्टर म्हणाली, डावा की उजवा?

मी कापूस धरायला हात पुढे केला.
"राहू दे," रेवती म्हणाली,
"मी धरते."