मंगूचा ढीग

मामाजी गोचीड बोटानं शोधतात, डोळ्यानं नाही.
कपिलीच्या कानामागं, शेपटाखाली, आचळांच्या खोबणीत
हात फिरत जातो आणि थांबतो:
"हे पाय. एरंडीचं बी."
ओढायची नाही, मुरगाळून काढायची,
नाहीतर तोंड आत राहतं आणि धड हातात येतं.
मग टमरेलात टुप्. टमरेलात रॉकेल.
संध्याकाळी मोजतात. एकोणचाळीस.
मोजून झालं की त्यांना जेवण जातं.
गाव त्यांना डोमाजी गोचीडवाले म्हणतं.

माझं काम शेडमध्ये, संत्र्यांच्या प्रतवारीचं.
मोठं एका क्रेटात, मधलं दुसऱ्या, चुरी तिसऱ्या,
आणि भिंतीशी मंगूचा ढीग:
साल तपकिरी, विळ्याला गंज चढावा तशी.
आतून गोडच.
पण दिल्लीचा व्यापारी आतून बघत नाही.

कृषी सहायक पोरीनं एकदा भिंग दिलं.
सालीवर धूळ दिसली.
मग धूळ हलली.
"कोळी," ती म्हणाली.
कोळी म्हणजे जाळं आणि आठ पाय, मला तेवढंच ठाऊक.
"ह्याला चारच. गोचिडीचा चुलतभाऊ समजा."
घरी सांगितलं तर मामाजी हसले:
"चुलतभाऊ? मंग हिस्सा मांगते का?"

पोळा होऊन गेला होता. बांधावरचं गवत कमरेला लागत होतं.
तेजूला ताप. तीन दिवस. पाच दिवस.
मलेरिया नाही, टायफॉइड नाही, डेंगूही नाही.
वरुडच्या डॉक्टरनं सदरा काढायला लावला,
काखेत टॉर्च मारली.
काळी टिकली. बिडीचा चटका बसावा एवढी.
दुखत नव्हती, म्हणून त्यानं सांगितलीच नव्हती.

"गोचीड चावली होती?"
मामाजी दुखावले.
"माह्या घरातली गोचीड माह्या हाताखालून जाते, साहेब."
"मग कोळ्याचं पिल्लू. गवतातलं.
दिसत नाही. जेवतं आणि उतरून जातं."

गोळ्या लागू पडल्या. तिसऱ्या दिवशी पोट्टं
मंगूची दोन संत्री सोलून खात बसलं, बिया माझ्या ओंजळीत.

त्या रात्री टमरेल तसंच राहिलं.
"गोचीड बरी व माय," मामाजी म्हणाले,
"खाते तं फुगते. दिसते तरी."
मी बोलले नाही.
तेजूचा सदरा उलटा करून
बल्बखाली शिवण न् शिवण बघत होते.
काय बघत होते, कुणास ठाऊक.

आता तो बांधावरून आला की दारातच उभा करते.
काखा, जांघा, बेंबी, कानामागं.
गोठ्यात मामाजी गायीपाशी, ओट्यावर मी.
त्यांच्या बोटाला काहीतरी लागतं.
माझ्या बोटाला कातडी लागते, नुसती कातडी, उन्हानं गरम,
त्याला गुदगुल्या होतात, तो हसतो, सुटायला बघतो,
आणि मी पुन्हा
उजव्या काखेपासून सुरू करते.