काळा सगळ्यात शेवटी

लिमात आठ महिने आभाळ
गाढवाच्या पोटासारखं असतं.
इथे सगळेच असं म्हणतात, मीही म्हणते,
पण गाढवाचं पोट निदान उबदार तरी असेल.

त्या राखाडीत, सिमेंट कारखान्याच्या लांबलचक भिंतीवर
एका पहाटे गुलाबी उगवला.
फुलातला नव्हे, मिठाईतला नव्हे,
डोळ्यांत बोट घालणारा गुलाबी.
त्याला खेटून पोपटी, पोपटीला खेटून नारिंगी,
आणि अक्षरं गाल फुगवून उभी,
ट्रम्पेट ओठांना लावल्यासारखी:
रेलाम्पागोस दे तार्मा. शनिवारी. रात्रभर.

मी चौदा वर्षांची.
शाळेची बस सोडून दिली.
खळ अजून ओली होती.
नखानं कोपरा उचकटला
आणि अख्खा कार्यक्रम सोलून, घडी न घालता,
छातीशी धरून घरी आणला.
आई म्हणाली, चोरी ती चोरी, वर स्वेटर चिकट.

वर्षभरात एकतीस झाले.
पलंगाखाली ठेवले तरी रात्री
कडेनं पिवळं काहीतरी सांडतंय असं वाटायचं.

आधी गाणं आवडलं की रंग, मला सांगता येत नाही.
मामाच्या टेम्पोत ती गिटार वाजायची,
ओल्या उतारावर पाय घसरावा तसा सूर घसरायचा,
पडता पडता सावरायचा,
आणि मी ओरडायचे, हा पोपटी!
मामा म्हणायचा, हिचे कान तपासून घ्या.

बत्तिसाव्याला पकडले गेले.
फोर्तुनातो यारांगा, हातात खळीची बादली,
कोपरापर्यंत शाई, अंगाला रॉकेलचा वास.
मला वाटलं, आता कानाखाली.
त्यांनी माझी नखं पाहिली.
"न फाडता काढतेस? कसं गं?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
ब्लेडनं अक्षर कापायचं, श्वास धरून, पट्टी न लावता.
एसला कंबर हवी. ओला जेवण झाल्यासारखं पोट.
धावत्या बसमधल्या पेंगणाऱ्या माणसाला
तारीख वाचता आली पाहिजे.
जाळीवर शाई ओढायची ती एका दमात,
मध्ये शंका आली तर डाग.
आधी पिवळा. मग गुलाबी, मग पोपटी.
काळा सगळ्यात शेवटी.
तोवर कागद म्हणजे गर्दीत हरवलेलं पोर.
काळा येतो आणि त्याचा हात धरतो.

हे रंग कुठून आणलेत, मी विचारलं.
"तुझ्या आईच्या पाठीवरून."
घरी जाऊन पाहिली ती विणलेली झोळी,
वांकायोहून येताना आईनं जिच्यात
मला आणि बटाट्यांना एकत्र बांधलं होतं.
आई म्हणाली, बघतेस काय, धुवायला टाक.

मग ती चूक.
सोळाच्या जागी मी सतरा कापला.
चारशे पोस्टर, आतेपासून चोसिकापर्यंत.
सोळाला बँड आला, मैदानात कुत्री होती.
सतराला अडीच हजार माणसं आली, बँड नव्हता.
आधी शिट्ट्या. मग पहिली बाटली.
कणसं भाजणाऱ्या बाईच्या पाठीमागे मी
धुरात डोळे मिटून बसले.
फोर्तुनातो मंचावर चढले, माईकवर टिचकी मारली.
आता माझं नाव घेणार.

"पोस्टर बरोबर आहे," ते म्हणाले.
"बँड एक दिवस लवकर आला."

कुणीतरी हसलं, मग सगळेच.
ट्रकमध्ये झोपून राहिलेला बेसवाला सापडला,
त्याला तोंड धुवून उभा केला.
निम्मी गाणी त्याला येत होती,
उरलेली लोकांनीच म्हटली, बेसूर, पहाटेपर्यंत.
परतताना भिंतीवरून मी तो सतरा सोलला.

आता शेडच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असते.
परवा संग्रहालयातून एक बाई आल्या,
पांढरे हातमोजे, छोटं भिंग.
खूप वेळ वाकून पाहिलं त्यांनी.
नोंदीत वाचलं, तारीख चुकलीय म्हणून.
दुरुस्त का नाही केली?

मी गुलाबी ढवळत होते.
म्हटलं, कुठली?