रुमालाखालचा भाव

पहिल्यांदा लवला तो उजवा डोळा.
पद्मल म्हणाली, पुरुषाचा उजवा म्हणजे धनलाभ.
दोन वर्षं झाली, अजून होतोच आहे.

आता डोळ्यामागून गाल येतो,
गालामागून ओठाचा कोपरा,
सुतळी ओढावी तसं अर्धं तोंड वर.

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात आमची जुनी रीत :
तोंडानं बोलायचं नाही,
चेहऱ्यानं तर नाहीच.
रुमालाखाली बोटं दाबायची,
वर सगळ्यांनी मख्ख उभं राहायचं.
गेल्या चैत्रात एका पार्टीला वाटलं,
सातगोंडानं डोळा मारला.
ऐंशी पोती राजापुरी गळ्यात पडली.
वर शेठचं बोलणं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
कानामागं, खोल आत,
एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर रेललीय,
दुपारी पेढीच्या तक्क्याला रेलावं
कामाशिवाय आलेल्या पाहुण्यानं, तशी.
"नजर नाही, वारं नाही, मालिश करून जायचं नाही."
लिंबं उतरवली त्याचे पैसे मी मनात खर्ची टाकले.

गोळी घ्या, पण झोप येईल.
(काट्यापाशी झोपलेला माणूस कोण ठेवतो?)
इंजेक्शन घ्या, तीन-चार महिने शांत, मग परत या.
काही दिवस हसू एका बाजूला लोंबेल.
नाहीतर ऑपरेशन.
कानामागं भोक पाडून
त्या दोघींच्या मधे बोळ्याएवढी गादी सारायची.
बहुतेक कायमचं बरं.
काहींचा त्या बाजूचा कान जातो.

मी म्हटलं, बाई, एकच भाव सांगा.
त्या म्हणाल्या, माल तुमचा.

बाहेर बाकावर
पद्मलनं पदर माझ्या हातावर टाकला.
मला आधी कळलंच नाही.
मग दोन बोटं दाबली गेली, घट्ट.
आणि तिसरं तिनं नुसतं धरून ठेवलं,
ना दाबलं, ना सोडलं.
म्हणजे आत्ता इंजेक्शन,
आणि ते दुसरं, सीझन सरल्यावर बघू.
असं धरून ठेवणं आमच्या बाजारात नाही.
रुमालाखालचं कुणाला दिसत नाही,
मग ही कुठं शिकली?

विचारणार होतो.
तेवढ्यात डोळा लवला,
आणि समोरून चाललेली नर्स
थांबून माझ्याकडं बघायला लागली.