थंड इंजिन

गफूर तांबोळी गाडीकडे आधी बघतच नाही,
बोनेटवर तळहात ठेवतो,
ताप बघावा तसा.

नऱ्ह्याच्या मैदानात टायरांना काळं फासून
ओळीनं उभ्या केलेल्या गाड्यांतली
पहिली गरम निघाली.
"आत्ताच चालू करून ठेवली मॅडम, तुमच्यासाठीच."
"म्हणजे गार असली की उठत नाही,"
गफूर मला म्हणाला, त्याच्यादेखत.

दुसरी एका डॉक्टरांची होती.
तिसरीही डॉक्टरांचीच.
इतके डॉक्टर गाड्या विकत सुटलेत
तर पुण्यात पेशंट तपासतं कोण?

चौथीच्या दाराला त्यानं
घरच्या फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक लावलं.
आंबा घसरला, पडला.
पत्र्याऐवजी पुट्टी.
मी उगाचच मागच्या सीटकडे बघितलं.

माझ्याकडे दोन लाख दहा हजार,
त्यातले साठ भिशीचे,
आणि सासवड रोडला रात्री साडेअकराला सुटणारी पाळी.
तिथून रिक्षावाले नाही म्हणायलाही थांबत नाहीत.

मग सहकारनगर.
बिल्डिंगखाली चंदेरी वॅगन-आर, बारा सालची.
मालशेबाई, वीज मंडळातून निवृत्त.
"आम्ही येईपर्यंत चालू करू नका," फोनवर सांगितलं होतं.
"कशाला करू? पेट्रोल काय फुकट येतं?"

बोनेट गार.
गफूरनं चावी फिरवली, मग स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून
मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.
वरच्या मजल्यावर कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
तिसरीही झाली.

बाई थांबायला तयार नव्हत्या.
"रिव्हर्स एका सांगण्यात पडत नाही.
क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा.
डावा आरसा मीच गेटला घासलाय. दोनदा.
जोराचा पाऊस असला की मागे मॅटखाली ओल येते,
वर्तमानपत्र घालायचं, पुरवणी नको, ती रंग सोडते.
भाव कमी होणार नाही."

गफूर दिवसभरात पहिल्यांदा हसला.
"घ्या. हिचं काय बिघडलंय ते माहीत तरी आहे."

चहानंतर भाव पाच हजारांनी उतरला.

रात्री पावणेबारा. कंपनीच्या भिंतीला नाक लावून
गाडी उभी, आणि रिव्हर्स पडत नाही.
वॉचमन शिट्टी तोंडात धरून बघतोय.
क्लच सोडते.
पुन्हा दाबते.

"ऐकतेय, मालशेबाई," मी मोठ्यानं म्हणते,
आणि पडतो.